‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणजे नेमकं कुठे अडलंय?

आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. ओतूर असो, नारायणगाव असो, घोडेगाव असो की पार पश्चिमेचं आहुपे, सगळीकडून एकच वाक्य आमच्या कानावर येतं, “साईट उघडत नाही, काय करू?” सेवा केंद्रात विचारलं की तिथलंही उत्तर ठरलेलं, “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” उद्या या म्हणजे उद्याचा रोज बुडाला. एसटीचं तिकीट बायकांना अर्धं असलं तरी तेही दोन्हीकडचं गेलं. आणि उद्याही तेच उत्तर मिळणार नाही याची खात्री नाही.

आम्हाला या वाक्याची आता चीड येऊ लागली आहे. कारण अडचण कुठलीही असो, नाव एकच. फोनमधला डेटा संपला तरी सर्व्हर डाऊन, पत्ता चुकीचा टाकला तरी सर्व्हर डाऊन. अंगात ताप आहे एवढं सांगून दवाखान्यातून औषध मिळतं का? डॉक्टर विचारतात, खोकला आहे का, थंडी वाजते का, कधीपासून आहे. तसंच इथे आहे. ‘उघडत नाही’ हा नुसता ताप आहे. दुखणं कुठे आहे ते शोधावं लागतं, आणि ते शोधायला शिक्षण फार लागत नाही. पाच-दहा मिनिटं लागतात आणि थोडा धीर लागतो.

हे सगळं आत्ता का सांगतोय? ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. योजना २०२४ च्या जूनमध्ये जाहीर झाली, महिना १५०० रुपयांची. पुढे १८ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाने सांगितलं की दोन महिन्यांत प्रत्येकीने ई-केवायसी करून घ्यायची, तीही संकेतस्थळावर. लाखो बायका एकाच संकेतस्थळावर एकाच वेळी. पान उघडेना, उघडलं तर ओटीपी येईना. अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. शेवटी १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. मधल्या काळात कितीतरी जणी कोपऱ्यात फोन धरून बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, “माझ्याच नशिबात नाही.” नशिबाचा यात काही संबंध नव्हता. काहींची अडचण त्यांच्या फोनमध्ये होती, काहींची रेंजमध्ये, काहींची पत्त्याच्या एका अक्षरात, आणि काहींची खरोखरच त्या संकेतस्थळाच्या दारात.

आहुप्याहून मंचरला

आपण एक गोष्ट धरून चालू. आहुप्याची एक ताई मंचरला नणंदेकडे निघाली. नणंद नवीन घरात राहायला गेलेली. संध्याकाळ झाली तरी ताई पोहोचली नाही. का पोहोचली नसेल?

एक, ती घरातून निघालीच नाही. एसटी आली नाही, किंवा जवळ पैसे नव्हते.

दोन, ती निघाली, पण पावसात वाटेत दरड आली आणि रस्ता बंद झाला.

तीन, मंचरला उतरली, पण पत्ताच चुकीचा होता. त्या नावाचं घर कुणाला माहीत नाही.

चार, बरोबर दारात गेली, पण दाराला कुलूप. किंवा घरात एवढी माणसं की पाय ठेवायला जागा नाही.

संकेतस्थळ उघडताना हेच चार टप्पे असतात. आपला फोन हे आपलं घर. टॉवर आणि मोबाईल कंपनीचं जाळं हा रस्ता. संकेतस्थळाचं नाव हा पत्ता. आणि जिथे ती माहिती ठेवलेली असते तो दूरचा मोठा संगणक हे नणंदेचं घर. त्यालाच सर्व्हर म्हणतात. म्हणजे ‘सर्व्हर डाऊन’ हे फक्त चौथ्या टप्प्याचं नाव आहे, आणि आपण ते चारही टप्प्यांना लावतो. आता एकेक टप्पा बघू.

पहिला टप्पा : आपलाच फोन

पहिलं काम म्हणजे दुसरं काहीतरी उघडून बघायचं. लाडक्या बहिणीचं पान उघडत नाही ना, मग हवामानाचं उघडा, बातम्यांचं उघडा. काहीच उघडत नसेल तर त्या योजनेच्या संकेतस्थळाला बोल लावू नका. अडचण आपल्या बाजूला आहे.

इथे एक फसगत होते. “अगं, फोन तर लागतोय की!” असं आपण म्हणतो. बोलणं आणि इंटरनेट हे वेगवेगळे चालतात. कॉल लागतो याचा अर्थ नेट आहे असा होत नाही. रोजचा दीड जीबी डेटा पोरांनी दुपारीच व्हिडिओ बघून संपवला असेल, तर संध्याकाळी आपल्या हाती मुंगीच्या गतीचं नेट उरतं. त्यावर व्हॉट्सॲपचा दोन ओळींचा निरोप जाईल, पण फॉर्मचं जड पान येणार नाही. मध्यरात्रीनंतर नवा डेटा सुरू होतो, म्हणून पहाटे तेच पान पटकन उघडतं.

दुसरी फसगत वाय-फायची. ग्रामपंचायतीत किंवा एखाद्या दुकानात गेलो की फोन आपोआप तिथल्या वाय-फायला चिकटतो. वर पंख्यासारखी खूण दिसते, पण त्या वाय-फायलाच मागून नेट नसतं. पाइप जोडलेला आहे, टाकी कोरडी आहे. वाय-फाय बंद करून मोबाईल डेटा चालू करा आणि बघा.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण ती अनेकींना अडवते. फोनची तारीख आणि वेळ. बॅटरी पूर्ण उतरून फोन बंद पडला, नंतर चालू केला आणि तारीख दोन वर्षं मागची लागली, तर संकेतस्थळं “तुमची जोडणी सुरक्षित नाही” असा इशारा देतात. प्रत्येक संकेतस्थळाकडे ओळखपत्रासारखा एक दाखला असतो आणि त्याला मुदत असते. फोनचंच वर्ष चुकलं तर त्याला चांगला दाखलाही खोटा वाटतो. सेटिंगमध्ये जाऊन तारीख-वेळ ‘आपोआप’ वर ठेवा. तारीख बरोबर असूनही तो इशारा आला, तर मात्र पुढे जाऊ नका. आधार किंवा बँकेचं काम असेल तर अजिबात नाही.

शेवटचा घरगुती उपाय तुम्हाला माहीत आहे. विमानाचं चित्र दाबा, दहापर्यंत मोजा, पुन्हा दाबून बंद करा. फोन टॉवरला नव्याने हाक मारतो. नाही जमलं तर फोन बंद करून चालू करा. कुणी फोनमध्ये व्हीपीएन नावाचं ॲप घालून ठेवलं असेल तर तेही बंद करून बघा.

दुसरा टप्पा : रस्ता

आपल्या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग डोंगराचा. मोबाईलचा निरोप हवेतून लहरींनी जातो, आणि मध्ये डोंगर आला की लहर अडते. आमच्या रेडिओचंही तसंच आहे, एका टेकडीआड खरखर आणि टेकडी ओलांडली की स्वच्छ आवाज. खोडदला ज्या मोठमोठ्या तबकड्यांची दुर्बीण आहे, ४५ मीटर रुंदीच्या ३० तबकड्या, त्या आकाशातून येणाऱ्या अगदी क्षीण रेडिओ लहरी टिपतात. आपला फोनही एक चिमुकली तबकडीच समजा. त्याला टॉवरच्या दिशेने मोकळी जागा दिली तर तो ऐकेल. पत्र्याच्या घरात, कोपऱ्यात बसून फॉर्म भरण्यापेक्षा अंगणात या, नाहीतर देवळाच्या ओट्यावर जा.

रस्ता आपल्याकडे आणखी एका कारणाने बंद होतो, ते म्हणजे वीज. टॉवरला वीज लागते. लाईट गेली की तो काही वेळ बॅटरीवर चालतो आणि मग गप्प होतो. पावसाळ्यात दोन दिवस लाईट नसली की रेंज का जाते, ते आता कळलं असेल. अशा वेळी फोनमध्ये खटपट करून बॅटरी घालवू नका.

रस्त्याची परीक्षा कशी करायची? गटात दहा-बारा जणी असतात आणि सगळ्यांचं सिम एकाच कंपनीचं नसतं. हीच आपली ताकद. आपल्या फोनवर पान उघडत नसेल तर दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या मैत्रिणीला म्हणा, “तू उघडून बघ गं.” तिच्याकडे उघडलं तर संकेतस्थळ ठणठणीत आहे, आपला रस्ता बंद आहे. मग तिच्या फोनचं हॉटस्पॉट लावून आपल्या फोनवर काम उरका. तिच्याकडेही नाही उघडलं, पण बाकी सगळं उघडतंय, तर पुढच्या टप्प्यावर चला.

तिसरा टप्पा : पत्ता

संगणक एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, आकड्यांनी ओळखतात. आपण फोनमध्ये ‘आई’ असं नाव दाबतो आणि फोन मागे नंबर लावतो, तसंच. संकेतस्थळाचं नाव टाकलं की आधी त्या नावाचा नंबर शोधला जातो. या नाव-नंबराच्या जगभरच्या वहीला डीएनएस म्हणतात. अमेरिकेत इंटरनेटची सुरुवात होत होती तेव्हा ही वही एका कार्यालयात हाताने ठेवली जायची, आणि ते कार्यालय चालवत होत्या एक बाई, एलिझाबेथ फाइनलर. १९७२ पासून १९८९ पर्यंत त्यांनी ते काम सांभाळलं. संगणक वाढले तशी एका वहीत नावं मावेनात, म्हणून १९८३ मध्ये ती वही जगभर वाटून ठेवायची पद्धत आली. नावाच्या शेवटी जे ‘कॉम’, ‘ऑर्ग’, ‘गव्ह’ येतं, ती वर्गवारी फाइनलर बाईंच्या गटाने घडवलेली. आपल्या गटाची सचिव जशी वही नीट ठेवते तसंच काम, फक्त साऱ्या जगासाठी.

पत्त्यात एक अक्षर चुकलं तरी आपण भलत्या दारात जातो. लाडकी बहीण योजनेच्या पत्त्याचंच बघा. ‘लाडकी’ हा शब्द इंग्रजीत आपण एल-ए-डी-के-आय असा लिहितो. सरकारी पत्त्यात मात्र डी आणि के यांच्यामध्ये आणखी एक ए आहे. एल-ए-डी-ए-के-आय, मग बी-ए-एच-आय-एन. त्यानंतर डॉट महाराष्ट्र, डॉट गव्ह, डॉट इन. तो मधला ‘ए’ राहिला की झालं! कुणी बिंदूऐवजी स्वल्पविराम टाकतं, कुणी मध्ये मोकळी जागा सोडतं. चुकलं की फोन सांगतो, पत्ता सापडत नाही. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत एनएक्सडोमेन असा शब्द दिसतो. त्याचा अर्थ, या नावाचं कुणीच नाही.

चुकीच्या पत्त्यावर कुणीच नसेल तर बरं, नुसता वेळ जातो. तिथे चोर बसला असेल तर? ई-केवायसीच्या काळात खोटी संकेतस्थळं निघाली होती, तीही सरकारी पानासारखीच दिसणारी. म्हणून पत्ता उजवीकडून वाचायला शिका. पहिली तिरपी रेघ येते तिच्या आधीचा शेवटचा तुकडा बघायचा. तो ‘गव्ह डॉट इन’ असेल तर ते सरकारी. हे शेपूट सरकारी कार्यालयांनाच मिळतं. ‘गव्ह’ हा शब्द मध्येच कुठेतरी असेल आणि शेवट भलताच असेल, तर ते दार आपलं नाही. पाकिटावर मध्ये जुन्नर लिहिलं आणि शेवटी दुसराच जिल्हा लिहिला, तर पत्र कुठे जाईल? शेवटच्या जिल्ह्यातच ना!

चौथा टप्पा : त्यांचं दार

आता फोन बरा आहे, रस्ता चालू आहे, पत्ता बरोबर आहे, मैत्रिणीकडेही उघडत नाही. मग मात्र खुशाल म्हणा, सर्व्हर डाऊन आहे. अशा वेळी पानावर बहुतेक एखादा आकडा येतो. एवढं लक्षात ठेवा, चारशेचा आकडा असेल तर चूक बहुतेक आपल्या मागण्यात आहे आणि पाचशेचा असेल तर त्यांच्याकडे आहे. ४०४ म्हणजे घर सापडलं, पण तुम्ही मागितलेली खोली तिथे नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या लिंकला हे फार होतं. मुखपृष्ठावर जाऊन नव्याने शोधा. ४०३ म्हणजे आत यायची परवानगी नाही. ५०० म्हणजे त्यांच्या घरात काहीतरी मोडलंय. ५०३ म्हणजे गर्दी किंवा दुरुस्ती, थोड्या वेळाने या. ५०४ म्हणजे दार वाजवलं, आतून वेळेत उत्तर आलं नाही.

पाचशेचा आकडा आला की आपला फोन झटकून, बदलून, दुकानात नेऊन काही होत नाही. पान सारखं सारखं ताजं करूनही होत नाही, उलट गर्दी वाढते. शेवटच्या तारखेला दुपारी बारा वाजता सगळं राज्य दारात उभं असतं. पहाटे पाचला, दूध काढायच्या आधी, किंवा रात्री अकरानंतर बघा.

मोठ्यांचंही दार बंद पडतं बरं का. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवते? नऊच्या सुमाराला व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदम बंद. सहा तासांहून जास्त वेळ जगभर शुकशुकाट. घराघरांत लोकांनी फोन बंद करून चालू केले, रिचार्ज मारले, पोरांना ओरडले. कुणाच्याही फोनला काही झालं नव्हतं. कंपनीने नंतर स्वतः कारण सांगितलं. त्यांच्याकडे देखभालीचं काम चालू असताना एक चुकीची आज्ञा दिली गेली आणि त्यांचे आतले सगळे रस्तेच तुटले. त्यामुळे नाव-नंबराची त्यांची वहीही बाहेरच्यांना दिसेना. घर जागेवर, माणसं घरात, पण जगातल्या कुठल्याच वाटसरूला पत्ता मिळेना. त्या रात्री ज्यांनी एवढंच बघितलं की बाकीची पानं उघडतात आणि शेजारणीचंही व्हॉट्सॲप बंद आहे, त्या शांत झोपल्या.

ओटीपी आला नाही तर

ओटीपीची गोष्ट वेगळी आहे. पान उघडलं म्हणजे चारही टप्पे ठीक आहेत. तरी ओटीपी येत नसेल तर आधी विचारा, आधारला कुठला मोबाईल नंबर जोडलाय? खूपदा तो जुना, बंद पडलेला किंवा पुण्याला गेलेल्या मुलाचा असतो. तसं असेल तर तो नंबर आधी आधारमध्ये बदलून घ्यावा लागतो. नंबर बरोबर असेल तर एकदाच बटण दाबा आणि थांबा. घाईने चार वेळा दाबलं की चार ओटीपी येतात, आणि बहुतेक वेळा फक्त शेवटचाच चालतो.

लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपीही मागत होते. ज्यांचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत, किंवा जी घटस्फोटित आहे, तिने काय करायचं? ही अडचण नेटची नव्हतीच, नियमाची होती. अशा अडचणीचं उत्तर फोनमध्ये मिळत नाही, अंगणवाडीत आणि कार्यालयात मागावं लागतं. कुठलं दुखणं कुठल्या दवाखान्यात न्यायचं हे कळणं, हीच आजच्या सगळ्या बोलण्यातली मुख्य गोष्ट आहे.

ईमेल परत आला तर

आता ईमेलकडे वळू. आमच्या ओळखीतल्या एका गटाची गोष्ट सांगतो. गट मसाले आणि पापड करतो. पुण्याच्या एका खरेदीदाराने दिवाळीच्या मालाची मागणी ईमेलने पाठवली. त्याला ती परत आली. त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवली, पुन्हा परत. चार दिवस वाट बघून तो दुसऱ्या गटाकडे गेला. आमच्या बायकांना हे महिन्याने कळलं. कारण काय? मेलपेटी भरली होती. गटाचा ईमेल सचिवताईंच्या फोनवर चालू होता आणि त्याच खात्यात त्यांच्या घरच्या लग्नाचे फोटो-व्हिडिओ आपोआप साठत होते. जीमेलमध्ये फुकट जागा १५ जीबी मिळते आणि त्यातच फोटो, फायली आणि पत्रं सगळी बसतात. कणगी एकच, त्यात लग्नाचे फोटो शिगोशीग भरले तर दिवाळीची मागणी कुठे मावणार?

म्हणून गटाचं खातं वेगळं ठेवा, त्यात घरचे फोटो जाऊ देऊ नका आणि महिन्यातून एकदा, बैठकीच्या दिवशी, किती जागा उरली ते बघा.

आपण पाठवलेला ईमेल पोहोचला नाही तर तेही तसंच टप्प्याने बघायचं. ‘आऊटबॉक्स’मध्ये पडून असेल तर तो आपल्या घरातूनच निघालेला नाही, नेट बघा. “पत्ता सापडला नाही” असं उत्तर परत आलं तर अक्षरं तपासा. जीमेल डॉट कॉमचं ‘कॉन’ झालं असेल, मध्ये मोकळी जागा पडली असेल. “उशीर होतोय” असा निरोप आला तर पुन्हा पाठवायची गरज नाही, यंत्रणा स्वतःच दोन-तीन दिवस प्रयत्न करत राहते. “पेटी भरली आहे” असं आलं तर समोरच्याला फोन करा. परत काहीच आलं नाही आणि उत्तरही नाही, तर ‘स्पॅम’ नावाच्या कोनाड्यात बघायला सांगा. आपलाही तो कोनाडा आठवड्याला झाडून बघा, कार्यालयाची पत्रं तिथे जाऊन बसतात. आणि जीमेलने एका वेळी २५ एमबीपर्यंतच जोडपत्रं जातात. त्याहून मोठी फाईल लिंक होऊन जाते. ती लिंक समोरच्याला उघडायची परवानगी दिली नसेल, तर त्याला आपलं दार बंदच दिसतं.

आणखी दोन गोष्टी प्रत्येक गटाने आजच बघाव्यात. पहिली, गटाचा ईमेल कुणी काढून दिला आणि त्यावर मोबाईल नंबर कुणाचा टाकलाय? बऱ्याच ठिकाणी सेवा केंद्रातल्या मुलाने स्वतःचाच नंबर टाकलेला असतो, किंवा पाच वर्षांपूर्वीच्या सचिवांचा असतो. पासवर्ड विसरला की कोड त्या नंबरवर जातो आणि आपल्याच घराची किल्ली आपल्याकडे नसते. पदाधिकारी बदलले की बँकेतल्या सह्या बदलतो ना, तसा हा नंबरही बदला आणि इतिवृत्तात नोंद करा. दुसरी, दोन वर्षं ज्या खात्यात कुणी फिरकलंच नाही, ते खातं गूगल काढून टाकू शकतं. निदान दोन-तीन महिन्यांनी एकदा तरी आत जाऊन या.

दार बंद असताना चोर फिरतो

साईट बंद असते तेव्हा आपण घाबरलेल्या असतो. मुदत जवळ आलेली, पैसे अडकतील ही भीती. नेमकी हीच वेळ चोराची. कुणीतरी फोन करतं, “ताई, तुमची केवायसी मी करून देतो, फक्त ओटीपी सांगा.” व्हॉट्सॲपवर एखादी फाईल येते, “हे ॲप टाका, साईट लगेच उघडेल.” आपण गूगलवर मदतीचा नंबर शोधतो आणि तो नंबरच खोटा निघतो. मैत्रिणींनो, बंद पडलेलं सरकारी संकेतस्थळ कुणा दलालाच्या ओटीपीने उघडत नाही. चारही टप्पे तपासून झाले असतील आणि दार त्यांचंच बंद आहे हे आपल्याला ठाऊक असेल, तर असल्या माणसाला ठामपणे नाही म्हणता येतं. तरीही कुणी फसलंच, पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितके पैसे वाचण्याची शक्यता जास्त.

पैसे भरताना पान अडकलं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी बँकेचा निरोप बघा, पैसे कापले गेलेत का. १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय काही तास अडखळलं होतं. अशा दिवशी पुन्हा पुन्हा बटण दाबणाऱ्यांचाच गोंधळ जास्त होतो.

पुरावा ठेवा, पोहोच घ्या

दार खरंच त्यांचं बंद असेल आणि मुदत संपत आली असेल तर काय करायचं? हात जोडून बसायचं नाही. पान उघडत नाही त्याचा स्क्रीनशॉट काढा, त्यात तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगवेगळ्या फोनवर काढा. मग साध्या कागदावर अर्ज लिहा, “अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक संकेतस्थळ उघडले नाही, म्हणून माझी माहिती भरता आली नाही. मुदतीत अर्ज केल्याची नोंद घ्यावी.” एकटीने देण्यापेक्षा गटाने मिळून द्या. ग्रामपंचायतीत, अंगणवाडीत किंवा तालुक्याच्या संबंधित कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोहोच घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं, शिक्क्याचा कागद ट्रंकेत राहतो. मुदत वाढेलच असं नाही, पण उद्या कुणी म्हणालं की तुम्ही प्रयत्नच केला नाही, तर दाखवायला काहीतरी हातात असतं.

आता वही-पेन घ्या, शेवटचं एकदा सांगतो. एक, दुसरं पान उघडून बघा. दोन, विमानाचं चित्र दाबून सोडा, डेटा, वाय-फाय आणि तारीख तपासा. तीन, अंगणात या आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमवर बघा. चार, पत्ता अक्षर-अक्षर लावून, उजवीकडून वाचा. पाच, आकडा बघा, चारशेचा आपला, पाचशेचा त्यांचा. सहा, त्यांचा असेल तर स्क्रीनशॉट, अर्ज आणि पोहोच.

हा कागद गटाच्या वहीत चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी कुणी खिडकीतून म्हणालं, “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या,” तर रागावू नका. नम्रपणे विचारा, “दादा, तुमचं नेट बंद आहे की त्यांचं संकेतस्थळ? दुसरं पान उघडतंय का?” तो क्षणभर तुमच्याकडे बघेल. मग बहुतेक खुर्ची सरकवून स्वतःच तपासायला लागेल. बऱ्याचदा काम त्याच दिवशी होतं, आणि दुसऱ्या दिवसाचा रोज वाचतो.

तुमच्या गटात असा काही अनुभव आला असेल तर आम्हाला जरूर कळवा. ईमेल परत आला, तर काय तपासायचं ते आता तुम्हाला माहीत आहेच. नाहीतर सरळ पोस्टकार्ड टाका, त्याला रेंज लागत नाही. नमस्कार.